मुभा आहे म्हणून करायचंच का? यहुदी धर्मातलं रोजचं पावित्र्य

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. यहुदी आहे, धर्माचे सगळे नियम काटेकोर पाळतो. डुकराच्या मांसाला शिवत नाही, शनिवारी काम करत नाही, बायको सोडून कुणाकडे वाकड्या नजरेनं बघत नाही. पण जेवायला बसला की अधाशासारखा खातो. वाइन प्यायला मनाई नाही, म्हणून शुद्ध हरपेपर्यंत पितो. तोंड उघडलं की शिवीगाळ. नियम मात्र त्यानं एकही मोडलेला नाही. धर्मन्यायालयात उभा केला तर निर्दोष सुटेल. या माणसाला धार्मिक म्हणायचं का?

तेराव्या शतकात स्पेनमधल्या जिरोना गावच्या एका रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, अशा माणसाचं चित्र रेखाटलं आणि त्याला फार कडक शब्दांत नाव दिलं: तोराहची परवानगी घेऊन झालेला नीच. हिब्रूत 'नावाल बिरशुत हातोराह'. तोराह म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, यहुदी धर्मशास्त्राचा पाया. हे रब्बी म्हणजे मोशे बेन नाहमान. यहुदी जग त्यांना रामबान या नावानं ओळखतं. जन्म 1194, मृत्यू 1270. यहुदी धर्मातलं रोजचं पावित्र्य समजून घ्यायचं तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण नियम पाळणं आणि पवित्र होणं यांत अंतर आहे हे इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या कुणी क्वचितच सांगितलं असेल. तेही नियमांवर नितांत श्रद्धा असलेल्या माणसानं.

रामबान ज्या वाक्यावर भाष्य करत होते ते तोराहच्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला येतं: 'तुम्ही पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे.' त्यांच्या दीडेकशे वर्षं आधी फ्रान्समधल्या त्रुआ गावच्या राशींनी (1040 ते 1105) त्याचा अर्थ, निषिद्ध शरीरसंबंधांपासून दूर राहा, असा लावला होता. रामबानना एवढ्यानं समाधान होईना. निषिद्ध गोष्टींची यादी तर आधीच्या अध्यायात येऊन गेली. मग वेगळी आज्ञा कशाला? ती असणार उरलेल्या जागेसाठी, म्हणजे जिथे मनाई नाही तिथल्यासाठी. त्यांच्यामागे तालमूदचा आधार होता. तालमूद म्हणजे रब्बींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चर्चांचा प्रचंड संग्रह. त्यात रावा नावाच्या विद्वानाचं एक छोटं वाक्य आहे: 'तुला ज्याची मुभा आहे, त्यात स्वतःला पवित्र कर.'

या एका वाक्यावर पुढे शतकानुशतकं विचार झाला. खाणं, पिणं, झोपणं, कमावणं, बोलणं, संसार करणं, सगळं मोकळं आहे. प्रश्न इतकाच की मोकळ्या मैदानात तुम्ही कुठे थांबता.

आता तो एकोणिसावा अध्याय जरा उघडून बघू. 'पवित्र व्हा' म्हटल्यावर पुढे मंदिर, याजक, धूप, बलिदान यांचीच यादी असेल असं वाटतं. बलिदानाचा उल्लेख आहे, पण थोडका. बाकीचा अध्याय शेतात, बाजारात आणि शेजारात फिरतो. आईबापांचा मान राखा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. वजनमापं खरी ठेवा. सूड घेऊ नका, मनात डूख धरू नका. आणि ही आज्ञा सांगताना मोशेला बजावलं आहे की इस्राएलच्या सगळ्या मंडळीला सांग. निवडक साधकांसाठी यात काहीच राखून ठेवलेलं नाही.

त्यातलाच एक नियम शेतकऱ्यासाठी आहे. पीक कापताना शेताचा कोपरा कापायचा नाही, तो गरिबांसाठी आणि परदेशी उपऱ्यासाठी सोडायचा. कापताना खाली पडलेली कणसंही उचलायची नाहीत. तोराहमध्ये कोपऱ्याचं माप दिलेलं नाही. मिश्ना म्हणजे तालमूदच्या पोटातला मूळ कायदेग्रंथ, साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचा. त्यात रब्बींनी किमान साठावा हिस्सा ठरवला. पण हे दान हातानं उचलून द्यायचं नाही. मालकानं फक्त विळा थांबवायचा, आणि गरिबानं स्वतः येऊन कापून न्यायचं. जमीन माझी, बी माझं, घाम माझा, तरी शेवटच्या वाफ्यावरून हात मागे घ्यायचा. मुभा असलेल्या गोष्टीतला संयम म्हणजे काय, हे मला या विळ्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कशात दिसलं नाही.

ताटापासून सुरुवात

संयमाची सगळ्यात जास्त तालीम होते ती जेवणात, कारण भूक रोज लागते. कोशेर, म्हणजे काय खाणं चालतं याच्या नियमांची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असते: दुभंगलेल्या खुराचे आणि रवंथ करणारेच प्राणी चालतात, माशाला पर आणि खवले हवेत, मांस आणि दूध एकत्र नको. मांसाहारानंतर दुधाचं काही घेण्याआधी थांबायचं असतं. पूर्व युरोपातली बहुतेक घराणी सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, डच यहुद्यांमध्ये एक तास. मटण खाऊन उठलेल्या मुलानं समोर आइस्क्रीम दिसूनही घड्याळाकडे बघत बसायचं, हे त्या घरांत अगदी रोजचं दृश्य. लहानपणापासून शरीराला कळतं की हवंसं वाटणं आणि लगेच मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे एक जुनी शिकवण मला फार आवडते. रब्बी एलाझार बेन अझार्या म्हणत, 'मला डुकराचं मांस नकोच' असं माणसानं म्हणू नये. त्यानं म्हणावं, 'मला ते हवं आहे, पण काय करू, स्वर्गातल्या माझ्या पित्यानं तसं ठरवून दिलंय.' किती मोकळेपणा आहे यात! इच्छा मारून टाका, तिची किळस करा, असं ते सांगत नाहीत. इच्छा असू दे, तिच्या असण्यात पाप नाही. ती असतानाही हात आवरणं, एवढंच मागितलं आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात याच नियमाची एक सुरेख कथा आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात हा समाज शतकानुशतकं बाकीच्या यहुदी जगापासून तुटून राहिला. तेलघाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणत. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांच्या यहुदीपणाची खूण पटवून घ्यायला त्यानं बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले, बाकीचे खात नाही म्हणाल्या. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ नव्हते. समोर समुद्र, आजूबाजूला कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं चवीनं खाणारा शेजार, आणि तरी चुलीपाशी ती निवड टिकून राहिली होती. या समाजाच्या स्वयंपाकात मटणाच्या रश्श्याला आणि गोडाधोडालाही नारळाचं दूध वापरतात, हा कोकणचा गुण आहेच, पण मांसाबरोबर दूधदुभतं न घेण्याचा नियमही त्यानं आपोआप सांभाळला जातो.

खाण्याआधी म्हणायची प्रार्थना, ब्राखा, हीसुद्धा संयमाचीच रीत आहे. झाडाच्या फळाला वेगळी ब्राखा, जमिनीतल्या पिकाला वेगळी, भाकरीला वेगळी, वाइनला वेगळी. सफरचंद हातात घेतलं की चावण्याआधी क्षणभर विचार करावा लागतो: हे कुठून आलं? झाडावरून की जमिनीतून? केळ्याला झाडाची ब्राखा लागत नाही, जमिनीची लागते, कारण घड दिल्यावर केळीचं खोड मरून जातं, त्याला झाड मानत नाहीत. बेने इस्राएलांच्या मलिद्याचं ताट आठवा. एलियाहू नबीच्या नावानं मांडलेले भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, सुका मेवा, आणि सोबत फळं. या ताटावर एकामागून एक ब्राखा म्हटल्या जातात. ब्राखा म्हटल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

तालमूदमध्ये याचं कारण मोठं धाडसानं दिलं आहे. स्तोत्रसंहितेत एका ठिकाणी म्हटलंय की पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं आहे. दुसरीकडे म्हटलंय की आकाश परमेश्वराचं, पण पृथ्वी त्यानं माणसांना दिली. मग खरं काय? रब्बींचं उत्तर: ब्राखा म्हणण्याआधी सगळं देवाचं, म्हटल्यानंतर माणसाचं. ब्राखेशिवाय खाणं म्हणजे देवस्थानची चीजवस्तू परस्पर वापरण्यासारखं. रब्बी मेईर यांनी दिवसाला शंभर ब्राखा म्हणाव्यात असं सांगितलं. शंभर वेळा हात थांबतो, हे लक्षात घ्या.

मग किती खायचं? कैरोजवळच्या फुस्तात गावी वैद्यकी करणारे रामबाम, म्हणजे मायमोनिदीस (1138 ते 1204), सांगतात की पोट भरायला साधारण पाव हिस्सा बाकी असताना उठावं. त्यांच्याच काळातले दक्षिण फ्रान्समधले रावाद यांचा सल्ला आणखी बारीक आहे. त्यांच्या मते संयमाचं सगळ्यात मोठं कुंपण उपास हे नव्हेच. जेवताना अजून खावंसं वाटत असताना, निर्मात्याच्या मानासाठी, थोडं ताटात ठेवून थांबावं. उपास लोकांना दिसतो. शेवटचे दोन घास शेजारी बसलेल्यालाही कळत नाहीत.

(रामबान आणि रामबाम ही दोन वेगळी माणसं आहेत, पहिल्यांदा वाचणाऱ्यांचा यात हमखास गोंधळ होतो. पहिले जिरोनाचे, दुसरे फुस्तातचे.)

सोडून देणं म्हणजे पावित्र्य का?

इथवर वाचून कुणाला वाटेल की वाट सरळ वैराग्याकडे चालली आहे. तशी ती जात नाही, आणि यहुदी विचारातला सगळ्यात जोरकस वाद इथेच आहे.

तोराहमध्ये व्रतस्थ माणसाची एक जागा आहे, तिला नाझीर म्हणतात. ठरावीक मुदतीसाठी, काही न बोलल्यास तीस दिवस, वाइन आणि द्राक्षाचं काहीही वर्ज्य, अगदी बेदाणेसुद्धा. केस कापायचे नाहीत, मृतदेहाजवळ जायचं नाही. असा माणूस परमेश्वराला पवित्र असतो, असं गणना या पुस्तकात लिहिलं आहे. पण मुदत संपल्यावर त्यानं जी बलिदानं आणायची त्यांत एक पापार्पण आहे. पाप कसलं केलं त्यानं? रब्बी एलाझार हाकप्पार यांचं उत्तर असं: वाइनचा आनंद स्वतःला नाकारला, हेच पाप. नुसती वाइन सोडणारा पापी, तर जो सगळंच सोडून बसतो तो किती मोठा पापी! दुसरे रब्बी एलाझार याच्या उलट मत देतात: एक वाइन सोडणारा पवित्र, तर जास्त सोडणारा त्याहून पवित्र. तालमूदनं दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली.

जेरुसलेमला लिहिला गेलेला नव्हे, पण गालीलमध्ये रचला गेलेला आणि जेरुसलेमच्या नावानं ओळखला जाणारा दुसरा तालमूद आहे. त्यात नवसांवर नवस करणाऱ्याला थेट विचारलंय: तोराहनं तुला जे मना केलं ते पुरलं नाही का, म्हणून आणखी मना करून घेतोस? त्याच तालमूदमध्ये म्हटलं आहे की डोळ्यांनी पाहिलेल्या आणि तरी न चाखलेल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीचा माणसाला एक दिवस हिशोब द्यावा लागेल. हे ऐकून एक रब्बी (तेही एलाझारच नावाचे) नाणी साठवत आणि हंगामातलं प्रत्येक नवं फळ वर्षातून एकदा तरी चाखत. गरीब माणूस, पण फळासाठी पैसे बाजूला काढतोय, तेही धर्म म्हणून. मायमोनिदीसही याच बाजूचे. मत्सर, वासना, मानाची हाव वाईट आहेत म्हणून जो मांस खाणार नाही, वाइन पिणार नाही, चांगल्या घरात राहणार नाही, गोणपाट नेसेन म्हणतो, त्याची वाटही वाईटच, असं त्यांनी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं.

मग नाझीर कधी योग्य? याचं उत्तर एका गोष्टीत आहे. प्रमुख याजक शिमोन हात्सादिक अशा अर्पणांचं मांस खायला नाखूष असत, कारण लोक रागाच्या भरात नवस करतात आणि मग पस्तावतात. एकदा मात्र दक्षिणेकडून एक तरुण आला. सुंदर डोळे, देखणा चेहरा, डोक्यावर ओळीनं पडलेल्या कुरळ्या बटा. शिमोननं विचारलं, 'पोरा, इतके सुंदर केस का रे कापायला निघालास?' तरुण म्हणाला, 'मी गावी बापाची मेंढरं राखतो. झऱ्यावर पाणी भरायला गेलो, पाण्यात माझं रूप दिसलं आणि मन उसळलं, मला जगातून उठवायला निघालं. मी त्याला म्हटलं, अरे दुष्टा, जे जग तुझं नाही त्यात कसला माज करतोस? तुझा शेवट किडे आणि माती. हे केस मी देवासाठी उतरवीन.' शिमोन उठले आणि त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं. म्हणाले, 'तुझ्यासारखे नाझीर इस्राएलमध्ये वाढोत.' या तरुणाला केसांबद्दल राग नाही, शरीराबद्दल किळस नाही. स्वतःच्या रूपावर स्वतः भाळण्याचा धोका त्यानं वेळीच ओळखला आणि नेमक्या तेवढ्यावर उपाय केला.

याहून अवघड उदाहरण आहे ते रब्बी येहूदा हानासी यांचं. मिश्नाची अंतिम मांडणी करणारे हे, आणि यहुदी परंपरेनं त्यांना 'आमचे पवित्र गुरुजी' असं म्हटलं. श्रीमंत इतके की त्यांच्या पंगतीला मुळा, लेट्यूस, काकडी उन्हाळ्यातही असे आणि हिवाळ्यातही. त्या काळात बिनहंगामी भाजी म्हणजे केवढी चैन! पण मरताना त्यांनी दहा बोटं वर केली आणि म्हणाले, 'जगाच्या स्वामी, या दहा बोटांनी मी तोराहसाठी कष्ट केले, आणि करंगळीनंही उपभोग घेतला नाही.' घरात सगळं, हातात काहीच नाही. याचा उलगडा कसा करायचा यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला वाटतं, ताट भरलेलं होतं ते घराण्याच्या आणि पाहुण्यांच्या मानासाठी, आणि त्या ताटावर त्यांचं मन कधी अडकलं नाही.

मोशे हाईम लुत्सात्तो या पाडुआत जन्मलेल्या विद्वानानं 1740 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या 'मेसिल्लात येशारीम' या छोट्या ग्रंथात हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. यहुदी साधनेवरचं हे बहुधा सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक. त्यात एक शिडी आहे: सावधपणापासून सुरुवात, मग तत्परता, निर्दोषपणा, मग अलिप्तता, आणि अशा पायऱ्या चढत सगळ्यात वर पावित्र्य. अलिप्ततेची पायरी म्हणजे गरजेपुरतंच घेणं. गरज आहे ते सोडणं मात्र चूक, असंही ते बजावतात. शरीर खंगवून कुणी पवित्र होत नाही. आणि पावित्र्याची पायरी अलिप्ततेपेक्षा वेगळी कशी? तिथे पोचलेल्या माणसाचं खाणंच वेदीवरच्या अर्पणासारखं होतं. सुरुवात माणसाच्या कष्टानं होते, शेवट देवाच्या देणगीनं, असं लुत्सात्तो लिहितात. आपापल्या बळावर तिथवर जाता येत नाही. तालमूदही हेच म्हणतो: माणूस स्वतःला थोडं पवित्र करतो, वरून त्याला पुष्कळ पवित्र केलं जातं.

दुसऱ्याच्या खांद्यावरचं सोवळं

संसारातला संयमही याच धाटणीचा. पाळीच्या काळात आणि त्यानंतरचे सात स्वच्छ दिवस, म्हणजे महिन्यातले साधारण बारा दिवस, नवरा-बायको एकमेकांपासून दूर राहतात, मग ती मिक्वे या स्नानकुंडात बुडी मारून येते. या प्रथेबद्दल यहुदी स्त्रियांचे अनुभव एकसारखे नाहीत, कुणाला तिच्यात स्वतःचा अवकाश सापडतो, कुणाला ओझं वाटतं.

पण या विषयाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. शरीरसुख हा बायकोचा हक्क आहे आणि नवऱ्याचं कर्तव्य. मिश्नानं त्याचं वेळापत्रकच दिलं आहे, नवऱ्याच्या धंद्यानुसार: मजुरानं आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्यानं आठवड्यातून एकदा, उंटवाल्यानं तीस दिवसांतून एकदा, खलाशानं सहा महिन्यांतून एकदा. आणि नवऱ्यानं बायकोपासून दूर राहायचा नवस केला तर? शम्माय आणि हिल्लेल या दोन जुन्या गुरूंच्या परंपरांत इथे मतभेद आहे: शम्मायचं घराणं म्हणतं दोन आठवडे चालेल, हिल्लेलचं म्हणतं एकच आठवडा. त्यापुढे घटस्फोट देऊन लग्नाच्या करारात ठरलेली तिची रक्कम चुकती करायची. तुमच्या संयमाची किंमत दुसऱ्यानं भरायची असेल तर धर्म त्याला मान्यता देत नाही, हे इथे लखलखीतपणे दिसतं.

एकोणिसाव्या शतकात लिथुआनियातले रब्बी यिस्राएल सालांतेर (1810 ते 1883) यांनी हाच धागा उचलला. मूसार म्हणजे शीलसाधनेची चळवळ त्यांच्या नावाशी जोडलेली. त्यांच्याबद्दल सांगतात की एका घरी जेवायला गेले असता भाकरीआधी हात धुताना त्यांनी अगदी बेतानं पाणी घेतलं, नियमाला लागेल तेवढंच. इतका मोठा माणूस, भरपूर पाण्यानं हात धुणं जास्त पुण्याचं, मग असं का? त्यांनी मोलकरणीकडे बोट दाखवलं. ती पोरगी लांबच्या विहिरीवरून जड बादल्या वाहून आणत होती. तिच्या खांद्यावर चढून मला धार्मिक व्हायचं नाही, अशा अर्थाचं ते काही बोलले. सणाच्या मात्सा, म्हणजे बिनखमिराच्या भाकरी, भाजताना कोणती काळजी घ्यायची असं शिष्यांनी विचारलं, तेव्हाही त्यांनी पिठाचे, वेळेचे नियम सांगितले नाहीत. कणीक मळणारी बाई विधवा आहे, तिच्यावर ओरडू नका, म्हणाले.

जीभ

माझ्या मते ताट आणि शयनगृह यांच्यापेक्षा कठीण परीक्षा जिभेची आहे, कारण तिथे मुभाही मोठी आणि मोहही. राडिन गावचे रब्बी यिस्राएल मेईर कागान यांनी 1873 मध्ये चुगलीच्या कायद्यांवर 'हाफेत्स हाईम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे पुस्तकाचंच नाव त्यांना चिकटलं. 1933 मध्ये, नव्वदी ओलांडून ते वारले. या विषयातला मुख्य नियम ऐकून बरेच जण दचकतात: लाशोन हारा, म्हणजे चुगली किंवा निंदा, ही काही खोटं बोलण्यापुरती नव्हे. खरी गोष्टसुद्धा, ती एखाद्याला कमीपणा आणणारी असेल तर, सांगायची नाही. ऐकणंही दोषाचं. एखाद्याच्या शत्रूंसमोर त्याची स्तुती करणंसुद्धा टाळावं, कारण तिथून बोलणं निंदेवर घसरतं.

मिश्नामधलं एक उदाहरण तर थेट बाजारातलं. घ्यायचं मनात नसताना दुकानदाराला 'केवढ्याला?' असं विचारू नये. पैशाचं नुकसान काहीच नाही. पण त्याच्या मनात आशा जागते आणि आपण पाठ फिरवतो. हा शब्दांनी दिलेला त्रास. दुकानामागून दुकान नुसती चौकशी करत फिरण्यात आपल्याला काहीच वावगं वाटत नाही, म्हणूनच हा नियम मला इतका सूक्ष्म वाटतो.

या शिकवणीचा गैरवापरही झाला आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. 'लाशोन हारा बोलू नका' असं म्हणून अत्याचाराच्या तक्रारी दाबल्याची उदाहरणं यहुदी समाजात उघड झाली आणि त्यावर तिथेच जोरदार वाद झाले. वास्तविक हाफेत्स हाईमनी उपयोगासाठी बोलायची वाट सात अटींसह मोकळी ठेवली आहे: स्वतः पाहिलेलं असावं, खात्री असावी, आधी त्या माणसाला समजावलेलं असावं, तिखटमीठ लावू नये, हेतू मदतीचाच असावा, दुसरा उपाय नसावा, आणि त्याचं विनाकारण जास्त नुकसान होऊ नये. त्याही आधी लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातला सोळावा श्लोकच पुरेसा आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्यात म्हटलंय, आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नकोस. दुसऱ्या अर्ध्यात म्हटलंय, शेजाऱ्याचं रक्त सांडत असता गप्प उभा राहू नकोस. दोन्ही एका दमात. जीभ आवरायची आणि जीभ उघडायची, वेळ ओळखून.

आठवड्याचा सातवा दिवस

शुक्रवारी संध्याकाळी हे सगळे धागे एकत्र येतात. शब्बाथला एकोणचाळीस प्रकारची कामं वर्ज्य. पेरणी, कापणी, शिजवणं, लिहिणं, विस्तव पेटवणं हे त्यातलेच. धंद्याच्या गोष्टीही बोलायच्या नाहीत. आज नियमनिष्ठ घरात फोन, संगणक, गाडीची किल्ली, सगळं बाजूला राहतं, आणि तेही दर आठवड्याला, सुमारे पंचवीस तास. पण यशया संदेष्ट्यानं याच दिवसाला आनंद म्हणायला सांगितलं आहे. म्हणून त्या दिवशी उपास धरायचा नाही, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस शब्बाथला आला तर तेवढा अपवाद. तीन जेवणं, त्यातलं चांगलं ते राखून ठेवलेलं, स्वच्छ कपडे, झोप, गाणी. आणि दिवसाचं पावित्र्य जाहीर होतं ते वाइनच्या पेल्यावर. नाझीर जी वाइन सोडतो, तीच इथे घरातला प्रत्येक जण घोटभर घेतो.

शब्बाथ सुरू होतो सूर्यास्ताला. तोपर्यंत काम करायला काहीच हरकत नाही. पण मेणबत्त्या बहुतेक गावांत सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावतात, जेरुसलेममध्ये चाळीस मिनिटं आधी. ही मिनिटं साध्या दिवसातून काढून पवित्र दिवसाला जोडलेली असतात, हिब्रूत याला तोसेफेत शब्बात म्हणतात. किती मिनिटं जोडायची याचं पक्कं माप मूळ कायद्यात नाही, थोडी तरी जोडावीत इतकंच. बाकी गाव आणि घर ठरवतं. काही घरांत बाई दुपारीच स्वयंपाक उरकून पदर झटकते, काही घरांत शेवटच्या क्षणापर्यंत धावपळ चालते. दोन्ही घरं नियमात बसतात.